आर्णीवरून जाताना

अंतराळात राहून आले म्हणून लोक मला भाषणाला बोलावतात. भाषण कुणी ऐकत नाही. स्टेजवरून खाली उतरले की कुणीतरी चहाचा कप हातात देतं आणि हळूच विचारतं, "ते संडासचं कसं करत होते वो मॅडम तिथं?" त्याचं उत्तर दिलं की त्यातून दुसरा किस्सा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. प्रयोगांचे अहवाल मी कधीच देऊन मोकळी झाले, किस्से मात्र अजून माझ्याकडेच पडून आहेत. यवतमाळजवळच्या आर्णीच्या पोरीच्या पोटात एवढं राहणं कठीण, म्हणून सांगून टाकते.

*

पहिला धडा वस्तू हरवण्याचा. तिथं काहीच खाली पडत नाही, त्यामुळे वाकून शोधायची सोय नाही. मी चमचा हवेत सोडला, वळून बघते तर गायब! आमच्या कमांडर बाई हसत म्हणाल्या, जाळीपाशी जा. हवा खेचणाऱ्या पंख्यापुढे जाळी असते आणि भटकलेलं सगळं सामान शेवटी तिथं येऊन चिकटतं.

गेले. माझा चमचा होता. आमचा जपानी सहकारी केंजी, त्याचा एक मोजा होता. आणि जाळीपाशी तरंगत खुद्द केंजीही होता. तो मोजा नाही, टोपी शोधत होता.

*

आईनं सोबत जवसाची चटणी दिली होती. कोरडी चटणी वर न्यायला बंदी, कारण भुकटी उडाली की डोळ्यांत जाते आणि मशीनमध्येही. शेवटी जेवणखाण बघणाऱ्या मंडळींनी ती तेलात कालवून छोट्या पिशव्यांमध्ये भरून दिली.

वर गेल्यावर नाक चोंदतं आणि जेवण मिळमिळीत लागतं, म्हणून तिखटाला भलताच भाव. मी नको नको म्हणत असताना केंजीनं पोळीवर चटणी पिळली. असा ठसका लागला की त्याचा हात सुटला आणि तो खोकत खोकत उलटा तरंगत पलीकडच्या खोलीत पोचला! डोळ्यांत पाणी आलं, पण तिथं पाणी ओघळत नाही. डोळ्यावरच गोळा होऊन बसतं, टॉवेलनं टिपावं लागतं. टिपून झाल्यावर तो परत आला आणि उरलेली पिशवी स्वतःच्या खिशात घालून गेला.

*

तिथून घरी फोन लावता येतो. पहिल्यांदा मोठ्या आनंदानं लावला. आईनं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट! माझा धाकटा भाऊ संजू शेती आणि आई दोन्ही सांभाळतो. त्यानंच तिला बजावून ठेवलं होतं की अनोळखी नंबर उचलायचा नाही, लुबाडतात.

तिसऱ्या वेळी तिनं उचलला. मी म्हटलं, "आई, मी बोलून राह्यली, अंतराळातून."

"हो," आई म्हणाली, "काल बी एक जण ब्यांकेतून बोलून राह्यला होता."

आणि ठेवून दिला.

*

मग व्हिडिओ कॉल ठरला. संजूनं आमच्या अंगणात स्क्रीन लावली, अर्धी गल्ली जमली. अंतराळात अंगातलं पाणी वर चढतं आणि तोंड सुजतं. शेजारच्या शांताकाकूंनी जाहीर केलं की पोरगी अंगानं भरली, तिथलं खाणं बरं दिसते. पुढच्याच क्षणी माझे मोकळे केस चारही बाजूंना उभे राहिलेले त्यांना दिसले आणि झिंज्या बांध म्हणून त्यांनी मला भर अंतराळात झापलं. सगळे हसले, आईही हसली.

आता एक सांगायला हवं. मी डावखुरी. शाळेत, होस्टेलमध्ये, ट्रेनिंगमध्ये सगळीकडे ते खपून गेलं, आईपुढे कधीच खपलं नाही. लग्नाच्या पंगतीत चार रांगा पलीकडून तिला माझा डावा हात दिसायचा आणि तिथूनच हाक यायची. त्या दिवशी लोकांच्या आग्रहाखातर मी कॅमेऱ्यासमोर डाव्या हातानं अख्खी पोळी खाल्ली. आई कौतुकानं बघत होती. एक शब्द बोलली नाही.

माझा डावा हात तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. संजूला एकट्याला फोन केला. तो आधी टाळाटाळ करत होता, मग बोलला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलंय की अजून उशीर केला तर नजर परत येईलच असं नाही. मला कळू द्यायचं नाही अशी आईनं त्याला शपथ घातली होती. ऑपरेशनचं नाव काढलं की तिचं एकच, "पोरगी वरतं लटकून राह्यली अन् मी डोळ्याले पट्टी बांधून झोपू?"

त्या दिवशी रडले. डोळ्यावरचा गोळा टिपायला केंजी टॉवेल घेऊन आला.

*

आमचं अंतराळ स्थानक संध्याकाळी जमिनीवरून दिसतं. न लुकलुकणारी मोठी चांदणी, सरळ चालत जाते. नागपूर ते यवतमाळ, एसटीचे तीन-चार तास खाणारं अंतर, आम्ही तोंडातला घास गिळेपर्यंत पार करायचो! एकदा आर्णीवरून जाणार होतो तेव्हा गल्ली पुन्हा जमली. सगळ्यांना दिसलं. आई तर सगळ्यांच्या आधी "दिसलं, दिसलं" म्हणाली आणि किती तरी वेळ टाटा करत राहिली. संजूनं मला नंतर सांगितलं, ती मोबाइल टॉवरच्या लाल दिव्याला टाटा करत होती.

मी तिला फोन लावला. समजूत काढायची असं ठरवलं होतं, पण मला राग आवरला नाही. "आई, मी आपल्या घरावरून जाऊन राह्यली अन् तू टावरले टाटा करून राह्यली!"

 आई म्हणाली, "संजूले सांग, यवतमाळची गाडी पाहाले."

कापसाची वेचणी अर्धी टाकून संजू तिला यवतमाळला घेऊन गेला. इकडे कमांडर बाई रोज सकाळी कामांच्या आधी आईच्या डोळ्याबद्दल विचारायच्या. पट्टी निघाल्याचं कळलं तेव्हा केंजीनं आनंदानं कोलांटी मारली आणि छतावर आपटला. आधी एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो कितपत उघडला हे आई काही नीट सांगेना. "पाहू," एवढंच म्हणायची.

*

मी खाली उतरायच्या आधी आर्णीवरून संध्याकाळचं एकच जाणं उरलं होतं. हुकलं असतं तर पुन्हा नव्हतं. संजू म्हणाला, आभाळ स्वच्छ आहे, आई काळा चष्मा काढून अंगणात उभी आहे, टॉवरकडे पाठ करून.

मी खिडक्यांच्या घुमटात गेले. खाली अंधार पडला होता, दिव्यांचे पुंजके सरकत होते. त्यात आर्णी कुठली, मला शपथेवर सांगता आलं नसतं. केंजी शेजारी नकाशा धरून तरंगत होता. त्यानं "आत्ता!" म्हटलं. तिथं हात हलवला की आपणच गोल फिरतो, म्हणून उजव्या हातानं दांडी घट्ट धरली आणि जोरजोरात टाटा केलं. वेड्यासारखी, पुंजके मागे सरकून समुद्र येईपर्यंत!

पृथ्वीची एक चक्कर झाली तेव्हा कुठे फोन लागला. आईनं पहिल्याच रिंगला उचलला.

"दिसली का मी?"

"दिसली," आई म्हणाली. मग आवाज चढला. "अन् काहून वं, डाव्या हातानं टाटा करते का कोनी?"