प्रकल्प नको, बाय!

"थर्माकोल आणलंत का रे?" आमच्या बाईंच्या आधी त्यांचा हा प्रश्न वर्गात शिरायचा. तलासरीकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक मी आणि दुसऱ्या या बाई; त्या घोलवडहून स्कूटीवर येत. उत्साह असा, की हेल्मेट काढायच्या आधीच शिकवायला सुरुवात! प्रकल्प म्हणजे थर्माकोल, ही त्यांची पक्की समजूत. दर वर्षी एक ज्वालामुखी व्हायचा, बक्षीस मिळवायचा आणि कपाटावर धूळ खात बसायचा.

एकदा बाई प्रशिक्षणाहून परतल्या त्या नुसत्या उसळतच. "सर, आता प्रकल्प भिंतीबाहेर!" मुलांच्या हाती टेप आणि खुंट्या देऊन त्यांनी पाड्याचा नकाशा काढायला घेतला. मुलांनीही घरोघरी आनंदाने सांगून टाकलं, "आपल्या पाड्यात प्रकल्प येणार!"

आता आमच्या भागात या शब्दाचा अर्थ काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बंदर, बुलेट ट्रेन, महामार्ग. आधी टेप येते, मग खुंट्या, मग जमीन सोडायची नोटीस. दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा आणि शाळेच्या अंगणात अख्खा पाडा! सगळ्यांच्या पुढे तिसरीतल्या एका मुलीची आजी.

"बाय, आमाला प्रकल्प नको. पोरांना नाय धाडणार आता."

हसावं की घाबरावं, मला कळेना. बाई मात्र पायरीवर बसल्या. "बरं, नको तर नको. तुमचं काय अडलंय ते तरी सांगा."

आजीने ओहोळाच्या दिशेला हात केला. "पावसात ओहोळ चढतो. पोरां निघाली का जीव टांगणीला लागतो."

"चला, बघूनच येऊ!" बाई उठल्यासुद्धा. त्यांच्यामागे मुलं, मुलांमागे पाडा.

तो अख्खा पावसाळा मुलांनी ओहोळाचं पाणी मोजलं. मोठी माणसं किती पाण्याला मागे फिरतात, ते विचारून ओहोळात खुणा केलेला बांबू रोवला आणि तिथे तांबडा पट्टा मारला. पाणी पट्ट्याला लागलं की घरीच थांबायचं. सेंटिमीटर म्हणजे काय, हे आमच्या मुलांना त्या बांबूवर कळलं. बक्षीस कुणी दिलं नाही, आणि बाईंना त्याची आठवणही झाली नाही. थर्माकोल तर त्या विसरूनच गेल्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

पुढे त्यांची बदली चिंचणीकडे झाली. शाळा एकदम शांत झाली, आणि ती शांतता मला अजिबात आवडली नाही.

यंदाच्या पुरात बांबू गेला. सकाळी आजी शाळेच्या दारात.

"सर, आमचा प्रकल्प वाहून गेला. नवा कधी लावायचा?"

मी तिथूनच बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून बाई अशा ओरडल्या, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"काय म्हणाली? 'आमचा' म्हणाली?"