गुडघ्यांचं कारण

मुलगा अमेरिकेहून आला त्या डिसेंबरात आमच्या घरात दोन ऋतू एकदम चालू होते. वन्सं डोक्याला रुमाल बांधून, वर शाल घेऊन बसायच्या आणि मुलगा हाफपँटवर गॅलरीत चहा पीत उभा असायचा. तो राहायचा त्या गावी नोव्हेंबरातच बर्फ पडायला लागायचं.

"आत्या, हा काय हिवाळा आहे? हा आमचा जून."

"मग जूनमध्येच यायचंस. शेवटचे आंबे तरी मिळाले असते," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न झाल्यावर आठव्या महिन्यात माहेरी परत आल्या त्या कायमच्या. का आल्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझे यजमान खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत होते, तिथल्या क्वार्टर्समधल्या बायकांनी खोदून विचारलं की वन्सं म्हणायच्या, "तिथलं पाणी मानवलं नाही." पुढे कुणाची विचारायची छाती व्हायची नाही.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि ड्यूटी कधी पहाटेची, कधी दुपारची. त्यामुळे मुलं वन्संच्याच हाताखाली वाढली. मुलीचा पहिला दात, मुलाचा गोवर, दोघांचे पाढे, शाळेतली भांडणं, हे सगळं मला घरी आल्यावर सांगितलं जायचं. मी ऐकायचे, हसायचे, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवायचे. वन्सं होत्या म्हणून मला नोकरी करता आली, हे मला पक्कं माहीत होतं. चारचौघांत मी तसं म्हणायचेही. पण मुलगी पडली की "आत्या" म्हणून रडायची, आणि त्याचा काटा माझ्या मनात वर्षानुवर्षं राहिला.

यजमान गेले, क्वार्टर सुटलं, आम्ही शनिवार पेठेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तोवर घरोघरी फोन झाले होते, पोरांच्या खिशातही फोन आले, आणि ट्रंककॉल जोडून देणाऱ्या आम्हा बायकांचं काम संपलं. मला शेवटची काही वर्षं काउंटरवर बसवलं, तिथूनच मी निवृत्त झाले. मुलगा संगणकाचं शिकून परदेशी गेला. मुलगी खराडीच्या एका कंपनीत लागली आणि जाण्यायेण्याच्या त्रासामुळे तिकडेच मैत्रिणीबरोबर राहायला लागली. घरात उरलो मी आणि वन्सं.

तर त्या डिसेंबरात मुलगा आला. विमानतळावर तो आधी माझ्या पाया पडला, अगदी रीतसर. मग वन्संकडे वळला आणि त्यांना दोन्ही हातांनी उचललंच. "अरे, टाक खाली, हाडं मोडतील," त्या ओरडत होत्या, आणि तोंडभर हसत होत्या. मी त्याची बॅग धरून उभी होते.

नाताळाच्या आठवड्यात मुलीच्या अमेरिकन क्लायंटचं ऑफिस बंद असायचं, म्हणून तिलाही सुट्टी होती. तिने नवी छोटी गाडी घेतली होती. पाच दिवस गुहागरला जायचं तिनेच ठरवलं. "आत्याला पुढे बसवू, तिला पाय लांब करता येतील," ती मला म्हणाली. "पण तू विचार हं आई. आम्ही विचारलं की ती नाहीच म्हणते. तुझं ऐकेल."

"विचारते," मी म्हटलं.

दोन दिवस मी विचारलं नाही. विसरले नव्हते. सकाळी उठले की पहिला विचार तोच असायचा. त्या आल्या तर काय होणार, ते मला दिसत होतं. मुलगा त्यांच्याशी थट्टा करत बसेल, मुलगी त्यांच्या कुशीत शिरून ऑफिसातलं सगळं सांगेल, आणि मी मागच्या सीटवर बसून पाण्याची बाटली पुढे देत राहीन. मला पाच दिवस हवे होते. फक्त पाच. माझी मुलं आणि मी.

तिसऱ्या दिवशी मुलीने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, विचारलं. नको म्हणाल्या. गुडघ्यांना प्रवास सोसत नाही म्हणे."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. वन्सं मटार सोलत होत्या.

"मुलांचं गुहागरला जायचं चाललंय," मी म्हटलं. "मलाही चल म्हणतायत."

"हं." त्यांचे हात थांबले.

"गाडी अगदीच लहान आहे हो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असावं की पुढे आणखी काही आहे. मी ताटलीतल्या मटाराच्या शेंगा नीट करत राहिले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"मग तिखटमिठाच्या पुऱ्या करते. टिकतात." आणि पुन्हा सोलायला लागल्या.

निघायच्या दिवशी पुऱ्या होत्या, लसणाची चटणी होती, आणि मला गाडी लागते म्हणून आवळासुपारीची डबी होती. खाली उभं राहून त्यांनी हात केला. मुलाने काच खाली करून "आत्या, अजूनही चल," असं म्हटलं, तेव्हा मी वाकून पायाशी ठेवलेला पुऱ्यांचा डबा उगाच सारखा करायला लागले. त्यांनी नुसतं "जा आता, ऊन होईल," म्हटलं.

यापुढचं मला जास्त अवघड जातं, कारण मी तिथे खूप सुखात होते. मन खात होतं, काही गोड लागत नव्हतं, असं लिहिता आलं तर बरं वाटेल. पण तसं नव्हतं. घाट उतरला आणि हवा उबदार झाली, तशी मीही सैल झाले. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मागच्या दारातून सुरूच्या झाडांखालून गेलं की समुद्र. मुलाने माझा हात धरून मला पाण्यात नेलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी उभी राहिले, पायाखालची वाळू सरकली की किंचाळत होते, आणि तो हसत होता. मुलीने माझ्या डोक्याला तेल लावलं. दुपारी पडवीत तिघं लोळलो. मुलाने मला विचारलं, "आई, बोर्डावर बसल्यावर तू लोकांचं बोलणं चोरून ऐकायचीस का गं?" आणि मी त्यांना ते किस्से सांगितले, जे इतक्या वर्षांत कुणी विचारलेच नव्हते. दोघं पोट धरून हसली. पुऱ्या तर आम्ही पहिल्याच दोन दिवसांत संपवल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आधी, मुलाने वाळूत बसून घरी फोन लावला. आम्हाला सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आत्या, तू यायला हवं होतंस. किती छान आहे इथे! आईने एवढं विचारलं, तर गुडघे काय सांगतेस?"

पलीकडे काही आवाज नव्हता. लाइन तुटलीय की माणूस गप्प झालंय, हे मला नुसत्या कानाने कळायचं. लाइन तुटलेली नव्हती.

मग वन्सं म्हणाल्या, "अरे, आईने फार आग्रह केला. मीच नको म्हटलं. गुडघे आता माझं ऐकतात कुठे? बरं, तिला पाण्यात फार आत नेऊ नकोस, तिला पोहता येत नाही."

मुलगा आणखी काहीबाही बोलला. मी समुद्राकडे तोंड करून बसले. त्या क्षणी सांगता आलं असतं. दोघं मुलं हाताच्या अंतरावर होती. मी म्हटलं, "चला, गार व्हायला लागलं." गार अजिबात नव्हतं.

पुण्याला परतल्यावर दोन दिवसांनी मुलं खरेदीला बाहेर पडली होती, तेव्हा मी वन्संसमोर जाऊन बसले. त्या कुणाचा तरी ब्लाऊज उसवत होत्या. दुपारची वेळ होती.

"वन्सं, मी तुम्हाला विचारलंच नव्हतं."

"माझ्या लक्षात आहे. मी तिथेच होते."

"मुलांना खोटं सांगितलं मी."

"तेही कळलं. तू खोटं बोलताना तुझा आवाज ऑपरेटरचा होतो. एकदम गोड." त्यांनी दोरा तोडला. "म्हटलं, लागली ही ड्यूटीला."

मला रडू फुटलं. त्यांनी मला थोपटलं वगैरे नाही. ब्लाऊज बाजूला ठेवून म्हणाल्या, "रडू नकोस. मला वाईट वाटलं. वाटणारच. पण मी तुला का नको होते, तेही समजलं मला. मी काही तुझी मुलं मुद्दाम घेतली नव्हती."

"मी आज मुलांना खरं सांगते."

"काही सांगायचं नाही." आवाज एकदम कडक झाला. "सांगितलंस तर तू त्यांच्या नजरेतून उतरशील आणि मी बिचारी होईन. आठ महिन्यांत परत आले तेव्हाही मी कुणाला बिचारी म्हणू दिलं नाही. आता या वयात नको."

मी कबूल केलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ, असं मी मनाशी घोकत होते. पुढच्या वर्षी मुलाच्या कंपनीत माणसं कमी केली, त्याला रजा मागायची सोय राहिली नाही. मी वन्संना म्हटलं, आपण दोघीच जाऊ. त्या म्हणाल्या, "दोघी म्हाताऱ्या समुद्रावर जाऊन काय करणार? एकमेकींची औषधं आठवणार?" त्यानंतरच्या वर्षी मुलगा बायकोला घेऊन आला, पण तोवर वन्संचे गुडघे खरोखरच गेले होते. जिना उतरायला त्यांना दोन माणसं लागायची. ती सुट्टी आम्ही घरातच काढली. मुलगा मला म्हणाला, "बघ, तेव्हाच दुखत होते तिचे गुडघे. आपण डॉक्टरकडे न्यायला हवं होतं." मी मान हलवली.

वन्संना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी शब्द पाळला, मुलांना सांगितलं नाही. पण त्याचा जो परिणाम झाला, तो मला तेव्हा दिसला नव्हता. मुलांच्या मनात आत्या ही घर सोडून कुठे न जाणारी बाई होऊन बसली आहे. ज्या बाईला पुढच्या सीटवर पाय लांब करून घाट बघत जायला नक्की आवडलं असतं, तिला मी घरकोंबडी करून टाकलं.

गेल्या दिवाळीत मुलीने जुने फोटो काढले होते. गुहागरचे फोटो आले तशी नातीने विचारलं, "यात तुझी आत्या का नाही?"

"तिला प्रवास आवडायचाच नाही," मुलगी म्हणाली. "आजीने किती विनवलं होतं, तरी आली नाही. हो ना गं आई?"

नात माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो." माझा आवाज फार गोड आला.