उजवीकडची सीट
गॅरेजमध्ये क्रोम पॉलिशचा वास आला, की एडिनबराबाहेरचा तो रस्ता आठवतो. साठच्या दशकातली अमेरिकन गाडी चार हिवाळे खपून मी पुन्हा रस्त्यावर आणली होती. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे पुढच्या लॉरीपलीकडचं मला काही दिसेना. उजवीकडच्या सीटवरून बायको डोकावली आणि म्हणाली, "या!" कोणीतरी समोरून येतंय असं वाटून मी करकचून ब्रेक दाबला. "अहो, रस्ता मोकळा आहे!" "मग सरळ 'जा' म्हण ना!" "घरच्या माणसाला 'जा' कसं म्हणू?" त्यानंतर कायम ती "या" म्हणायची आणि मी लॉरी ओलांडायचो. आता ती सीट रिकामी असते. पुढची लॉरी कितीही रांगत असली, तरी मी मागेच राहतो.