अण्णा वकिलांची काळी गोटी

अण्णा वकील वाईट बातमी देण्याआधी टेबलावर बोटाच्या पेराने तीनदा ठोकायचे. पेणच्या कोर्टात हे सगळ्यांना ठाऊक होतं. टक टक टक झालं की पक्षकार खुर्चीचा हात घट्ट धरायचा. डोलवीची एक बाई आली होती. कंपनीत ठेकेदाराकडे काम करताना तिचा नवरा गेला होता. अण्णांनी ठोकलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा नवरा जिवंत होता तेव्हाही कागदावर नव्हता. मेल्यावर कुठून येणार?" लगेच मला, "हिच्यासाठी चहा सांग." बाई चहा न पिता गेली. तिची केस ते लढले आणि जिंकलेही, पण ती अजून भेटली की म्हणते, "तुजा वकील मानूस नव्हता रे." मी त्यांचा ज्युनिअर. माझी उमेदीची वर्षं त्यांच्या बॅगा उचलण्यात गेली, त्यामुळे मी तिच्याशी वाद घालत नाही.

ते ठोकणं लॉजमधलं. अण्णा फ्रीमेसन होते, म्हणजे एका जुन्या गुप्त बंधुमंडळाचे सभासद; त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. सभेला मुंबईला जाताना काळा सूट आणि एक चपटी बॅग, बॅगेत कोकराच्या कातड्याचा पांढरा ॲप्रन. पेणमध्ये बोलवा अशी की तिथे बोकडाची पूजा करतात, कवटीतून दारू पितात, वकील बाटला. अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, त्या बॅगेवर गोमूत्र शिंपडायच्या. अण्णांना याची गंमत वाटायची. "असू दे," म्हणायचे, "घाबरून तरी राहतील."

गाडीत मात्र खुलायचे. "मूळचं हे गवंड्यांचं रे. विलायतेत मोठाली चर्चं बांधणारे दगडकामवाले. गावोगाव फिरायचे, म्हणून आपला कोण, परका कोण हे ओळखायच्या खुणा ठेवल्या. मग शिकलेले आत शिरले, काटकोन मापायचा गुण्या आणि कंपास भिंतीवर टांगले आणि गवंडी गेले बाहेर." नवीन माणसाला कसा आणतात तेही सांगायचे: डोळ्यांना पट्टी, गळ्यात दोर, एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा, अंगावर पैसा नाही की अंगठी नाही. "आत गीता, कुराण, बायबल, अवेस्ता एकाच टेबलावर. शपथ ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर घ्यायची. देव मानलाच पाहिजे, कोणता ते विचारायचं नाही. धर्मावर बोलायला बंदी, म्हणून तर तंटे नाहीत."

हे सगळं मागच्या सीटवर हमीदभाई ऐकायचे. अण्णांचे बालमित्र. धरमतरला अण्णांचा बाप मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायचा, हमीदभाईंचा बाप तेच मीठ गलबतात भरायचा. हमीदभाई गवंडी म्हणून कुवेतला गेले आणि परत येऊन रोह्यात फरशीचं दुकान टाकलं. अण्णांना 'दामू' म्हणणारा तो जगात एकच माणूस उरला होता.

"हल्ली लोक माज्या दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचतात आन् पुढं जातात," एकदा ते म्हणाले. "जितं माजं कुराण तुज्या गीतेला चिकटून बसतं, तितं मला एकदा बसायचं हाय, दामू."

अण्णांनी त्यांचं नाव सुचवलं. तिथली रीत अशी की सभासदाने एकेक करून पेटीत हात घालायचा आणि पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. कोणी कोणती टाकली ते कुणालाच दिसत नाही आणि ते बाहेर सांगायचंही नसतं. एक जरी काळी निघाली तरी माणूस नापसंत. हमीदभाई नवा सूट शिवून बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मी शेजारी. अण्णा बाहेर आले. "एक काळी निघाली," एवढंच म्हणाले.

परतताना हमीदभाईंना रोह्याला सोडायला पेणच्या पुढे गेलो, तेव्हा वडखळ नाक्यावर अण्णांनी गाडी थांबवली. टपरीचं बाकडं स्वतःच्या रुमालाने पुसलं, हमीदभाईंना चहा दिला आणि खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस, हमीद. माणसं वाईट असतात." मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून असा गोड शब्द ऐकला नव्हता.

पुढे अण्णांचं लिव्हर गेलं. एका दुपारी मी पेज भरवत असताना त्यांनी खाटेच्या कडेवर तीनदा ठोकलं. "ती काळी मीच टाकली."

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"तिथे मी खानदानी वकील आहे रे. हा भर सभेत दामू म्हणून हाक मारणार. बापाच्या टोपलीतलं मीठ सांडणार तिथे."

"लाज नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली ना. म्हणून तर चहा पाजला. त्याला सांगायचंय. दोन शिव्या घालेल, आणि मी मोकळा होईन."

हमीदभाई दर शुक्रवारी नमाज झाला की खजूर घेऊन यायचे. त्या शुक्रवारी अण्णांनी खाटेवर ठोकलं. "हमीद, त्या दिवशी पेटीत..."

हमीदभाईंनी त्यांच्या तोंडावर अलगद तळवा ठेवला. "दामू, लॉजमधलं भायेरच्या मानसाला सांगायचं नसतं. तूच शिकवलंस ना? मी भायेरचा." मग खजुराची बी काढली आणि खजूर त्यांच्या तोंडात ठेवला.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. अण्णा रडायला लागले. त्यांना रडताना बघणं मला अवघड गेलं. मी हमीदभाईंना फाटकाशी गाठलं.

"ऐकून तरी घ्या. मरतायत ते."

"काय सांगनार ते मला ठावं हाय. दामू अख्ख्या जन्मात कुनाशी गोड बोलला नाय. वडखळला बोलला, तवाच समजलं."

"मग माफ करून टाका."

"माफ केलं तर सुखानं मरंल," ते म्हणाले आणि स्कूटर चालू करून रोह्याला गेले.

अण्णा गेले ते तसेच, सांगायचं राहून. लॉजमधलं कोणी आलं नाही. हायवेवर अडकलोय असा फोन तेवढा आला. ॲप्रन अंगावर ठेवायला काकूंनी साफ नकार दिला, कातडं चितेवर चालणार नाही म्हणून. लॉजच्या रिवाजाप्रमाणे मेलेल्या सभासदाला बाभळीची हिरवी फांदी वाहतात, हे अण्णांनी गाडीत सांगितलं होतं; पण तीही कुणाच्या लक्षात नव्हती.

हमीदभाई स्मशानाच्या फाटकाशी उभे होते. अंगात लॉजसाठी शिवलेला तोच सूट आणि हातात बाभळीची हिरवी फांदी. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"तुम्हीच ठेवा की," मी म्हणालो. "इथे कोण अडवतंय तुम्हाला? या आत."

"नको," हमीदभाई म्हणाले आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर रुमाल टाकून बसले. "तू जा. मला भायेर बसायची सवय हाय."