अप्पांसाठी टाकलेले मॉड

आमच्या गेमचे किस्से सांगायला बसलं की गेम बाजूलाच राहतो. एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. तरी ऐका.

लोधिवलीच्या निलेशकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. रविवारी मी आणि वैभव कर्जतहून तिथे जातो. गेम म्हणजे डोंगर, किल्ले, राक्षस असलेला भलामोठा मुलूख, हवं तिकडे भटका. हौशी लोक त्यात बदल करून फुकट वाटतात. कुणी झाडं दाट करतं, कुणी कपडे बदलतं. त्याला म्हणतात मॉड. आमचा निम्मा वेळ मॉड टाकण्यात जातो, उरलेला त्याने काय बिघडलं ते शोधण्यात.

*

निलेश एकदा फोनवर मला सांगत होता, "मॉड कालच टाकलाय रं, पण अजून काय दिसत नाय."

स्वयंपाकघरातून त्याची आई म्हणाली, "थंडी हाय, येतील उद्यापर्यंत. फडकं घट्ट बांधलंस ना?"

काकूंनी वाल भिजवले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना छान मोड आले, बिरडं झालं. आमचा मॉड काही आला नाही.

*

निलेशचे वडील म्हणजे अप्पा. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. हळूहळू काठी धरून चालता यायला लागलं, पण घरातल्या घरात. डॉक्टर बजावत होते, रोज बाहेर चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. अप्पा उंबरा ओलांडेनात. "लोक बघतात," एवढंच म्हणायचे. आयुष्यभर गावातून ताठ चाललेला माणूस! आम्हाला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी वैभवने दोन मॉड उलट क्रमाने टाकले आणि गेममधल्या झाडून सगळ्या बायकांना दाढ्या आल्या. भाजीवालीला, दाईला, थेट राणीलासुद्धा. अप्पा पलंगावरून बघत होते.

"राणीपुढं राजा लईच नाजूक दिसतोय रं," म्हणाले आणि खो खो हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. दाढ्या आम्ही महिनाभर तशाच ठेवल्या.

*

मग अप्पांनी माऊस मागितला. उजवा हात शाबूत होता. दोन्ही बटणं दाबली की माणूस चालेल, असा मॉड आम्ही शोधून काढला. पण दर वळणावर लांडगे नाहीतर दरोडेखोर.

"मला मारामारी नको. नुसतं फिरू द्या."

लांडगे काढले. दरोडेखोर काढले. राक्षसही काढले. वैभव हळहळला, "अप्पा, आता ह्या गेममध्ये उरलं काय?"

"रस्ता," अप्पा म्हणाले.

थोड्याच दिवसांत तक्रार आली. "शेतं हायत, बांध नायत. पाणी थांबणार कुठं?" बांधांचा मॉड कुणीच केलेला सापडेना. शेवटी वैभवने किल्ल्याच्या भिंती बुटक्या करून शेताला लावल्या. अप्पांनी नीट न्याहाळलं आणि सांगितलं, "वाकडा हाय." बिचाऱ्याने पुन्हा रचला.

*

एकट्याने फिरून कंटाळा येईल म्हणून आम्ही त्यांना सोबत दिली. गेममध्ये आपल्या मागोमाग चालणाऱ्या सोबत्याला फॉलोअर म्हणतात. ही बाई होती. वैभवने तिला हिरवं लुगडं नेसवलं. चढ लागला की ती मागे पडायची. अप्पा बटणं सोडून थांबायचे, वळून बघायचे, ती आली की निघायचे.

काकू दारात भाजी निवडत होत्या.

"लग्न झाल्यापासून हा माणूस माज्या पुढं चालतोय," त्या आम्हाला म्हणाल्या. "बाजारात म्हणू नका, लग्नाकार्यात म्हणू नका. एकदा वळून बघितलं नाय. आणि हिच्यासाठी बघा कसा थांबतोय."

त्या दिवशी अप्पांनी कॉम्प्युटर लवकर बंद करायला लावला.

*

पुढच्या रविवारी गेलो तर पलंग रिकामा. निलेशने नुसता बाहेर हात दाखवला.

गल्लीत काकू पिशवी घेऊन पुढे चालल्या होत्या. बऱ्याच मागे अप्पा, काठी टेकत, डावा पाय ओढत. ओट्याओट्यांवर माणसं बसली होती आणि सगळी बघत होती. पिठाच्या गिरणीपाशी काकू थांबल्या, मागे वळल्या.

अप्पा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाल गं तू. फॉलोअर येतोय."