उन्हातला जांभळा

गच्चीवर वाळत घातलेली माझी ओढणी घेऊन अव्वा धाडधाड जिना उतरून खाली आल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. नवरा अव्वा म्हणायचा, म्हणून मीही.

"ही बघ, जांभळं डाग पडल्यात सगळीकडं. कुठं लोळून आलीस?"

मी ओढणी बघितली. पांढरीशुभ्र. डागाचा मागमूस नाही. अव्वांनी ती उलटीपालटी केली, दिव्याखाली धरली आणि परत वर गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा जिना वाजला. वर डाग होते, खाली नव्हते. पुढच्या खेपेला त्यांनी ओढणी लांब चिमटीत धरली होती आणि चेहरा पार उतरला होता.

"कुणीतरी कायतरी करून ठेवलंय गं घरावर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. अव्वा आणि हळू आवाज, हा योग लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच जुळून आला होता. मला हसू आवरेना. तिथेच सगळं फिसकटलं.

करणी माझीच होती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि माझं सगळं काम एका रेणूभोवती फिरत होतं. बेन्झिनसारखी अणूंची बंद कडी ज्यांच्यात असते त्या रेणूंना आम्ही अ‍ॅरोमॅटिक म्हणतो. माझ्या रेणूत अशा कड्यांचे दोन भाग एकमेकांना काटकोनात जोडलेले होते. सावलीत तो अगदी बिनरंगी. ऊन लागलं की त्यातला एक बंध सुटायचा, दोन्ही भाग एका पातळीत यायचे आणि गडद जांभळा रंग चढायचा. उन्हातून काढला की मिनिटभरात बंध परत जुळायचा आणि रंग गायब. ट्यूबलाइटखाली तो कुठे सांडलाय ते कळायचंच नाही. म्हणून घरी निघण्याआधी आमचे सर सगळ्यांना बाहेर उन्हात उभं करायचे. कुणाच्या कॉलरवर, कुणाच्या कानाच्या पाळीवर जांभळा उमटायचा आणि मग जी खिदळाखिदळी व्हायची, ती आठवली की आजही मला बरं वाटतं. त्या आठवड्यात एकदा घाईत मी ही तपासणी चुकवली होती, आणि साबणाला तो रेणू दाद देत नव्हता.

घाई बाळाची होती. बाळ वर्षाचंही झालं नव्हतं आणि दिवसभर अव्वांवर असायचं. नातवासाठी म्हणून त्या कर्नाटक सीमेकडच्या आमच्या गावाहून आल्या होत्या, पण आता त्यांना तिकडच्या म्हशी आणि शेत दिसायला लागलं होतं. नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर. अव्वा गेल्या असत्या तर माझं संशोधन त्याच दिवशी कपाटात गेलं असतं. अशा बाईसमोर मी फिदीफिदी हसले होते.

मी रेणूचं सगळं समजावून सांगितलं. अव्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे डाग पाडाय जातीस व्हय रोज, पोराला सोडून?" आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलतात, तशा ठसक्यात त्या पुढे म्हणाल्या, "सोमवारी येतो मी तुझ्या कॉलेजात. काय करतीस ते डोळ्यांनी बघतो. मग ऱ्हायाचं का जायाचं ते ठरवतो."

सोमवारी फाउंड्रीला सुट्टी असायची. बाळाला बापाच्या हवाली करून आम्ही निघालो. आठवडाभर पावसाने दिलेली उघडीप नेमकी त्याच सकाळी संपली आणि आभाळ गच्च भरलं. ऊन नसलं तरी प्रयोगशाळेत अतिनील दिवा होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. आम्ही पोचलो आणि भारनियमनात वीज गेली.

सरांनी अव्वांसाठी व्हरांड्यात खुर्ची टाकली. परातीएवढा गाळण कागद रेणूच्या द्रावणात भिजवून मी आधीच वाळवून ठेवला होता. तो बाहेर आणून बघितला. ढगाळ उजेडात रंग चढायच्या आधीच उतरायचा. कागद कोराच्या कोरा. मी काळं फडकं टाकून तो व्हरांड्याच्या कडेच्या टेबलावर झाकून ठेवला.

"मास्तर, ह्यो रंग टिकतोय का पण?" अव्वांनी सरांना विचारलं.

"नाही ना मावशी, तीच तर गंमत आहे."

"टिकत न्हाय त्यो रंग कसला वो? लुगडं पहिल्या धुण्यात रंग सोडाय लागलं तर दुकानदाराच्या अंगावर टाकून येतो मी."

सर पोट धरून हसले. सरांनी उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या चष्म्याबद्दल सांगितलं. अव्वा म्हणाल्या, डोळ्यांवर हात धरला तरी भागतंय. मला त्यांचा इतका राग आला की मी चहा आणायच्या निमित्ताने उठून गेले.

परत आले तर व्हरांड्यात ही गर्दी! सासू सुनेची परीक्षा घ्यायला आलीय ही बातमी इमारतभर पसरली होती. शिपाई आले, शेजारच्या विभागातली पोरं आली, ग्रंथालयातल्या बाई आल्या. अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात त्या किरणोत्सवाला ढग आडवे आले की सगळे माना उंचावून थांबतात, तसे हे सगळे थांबले होते. कुणी म्हणे पाच मिनिटांत आभाळ फाकतंय, कुणी म्हणे आज काही खरं नाही. अव्वांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून सरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटले. त्यांचं मस्त चाललं होतं. घड्याळाकडे बघत होते ती मी एकटी.

बाळाची भुकेची वेळ झाली तशा अव्वा उठल्या. "चला, न्हाय म्हंजे न्हाय. पोरगं रडत असंल," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. मी चहाचे कप गोळा करायला लागले. जाता जाता त्या टेबलापाशी थांबल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "ह्योच व्हय त्यो कागद?"

तेवढ्यात समोरच्या माळावरून उजेड सरकत आला. गवत उजळलं, झाडं उजळली, पायऱ्या उजळल्या. "आलं, आलं!" शिपाई ओरडला. मी झडप घालून फडकं ओढलं.

कागद आमच्या डोळ्यांदेखत जांभळा झाला. सगळा झाला, फक्त अव्वांच्या हाताची सावली पडली होती तेवढा पांढरा राहिला. पाची बोटं, मनगट आणि मनगटावरच्या बांगड्यांच्या बारीक रेघा. अव्वांनी हात मागे घेतला, तर तो पांढरा हातही हळूहळू भरत जांभळा होऊन गेला. कुणीतरी शिट्टी मारली.

मी कागदावर परत फडकं टाकलं, थोडं थांबून काढलं. कोरा कागद, आणि बघता बघता पुन्हा जांभळा.

"अगं बया," अव्वा म्हणाल्या. मग लहान पोरीसारखा दुसरा हात पुढे करून, "पुन्यांदा कर की!"

ढग परत येईपर्यंत आम्ही तेच केलं. अव्वांनी मूठ धरली, दोन बोटं धरली, सरांनाही हात धरायला लावला. इतकी मजा मला त्या रेणूने आधी कधीच दिली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा नवरा रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन दारात येरझाऱ्या घालत होता. मी बाळाला पदराखाली घेतलं. "काय ठरलं?" त्याने मला विचारलं. उत्तर अव्वांनी दिलं.

"गावाकडं तुझ्या थोरल्या भावाला फोन लाव. म्हशी तूच बघ म्हणावं, मी एवढ्यात येत न्हाय."

"का गं अव्वा?"

"हिचं काम उन्हावर हाय. वेळ लागतोय त्येला."

माझे डोळे भरून आले. मी मान खाली घातली, तरी त्यांना दिसलंच असणार. पण त्या तिकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून खणखणीत आवाजात विचारलं, "उद्या डबा कितीला पायजे गं तुला?"