खोटी पेनी

नवे पैसे आले त्या वर्षी पिंपरीत सगळेच बावचळले होते. दोन आण्याचे बारा नवे पैसे की तेरा, यावरून दुकानादुकानांत हमरीतुमरी. नाणं खोटं वाटलं की थेट चौकीची भाषा. हे आधी सांगतो, कारण माझ्या चुकीला आधार असेल तर तेवढाच.

मी तेव्हा कारखान्यात हेल्पर होतो आणि संघटनेची पत्रकं लिहायचो. गेटवर मला 'पुढारी' म्हणत. इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण एखादा शब्द येत नाही असं मी कधी कबूल केलं नाही.

आमच्याकडे खोकी बनवणारा मिस्त्री कलकत्त्याचा चिनी होता. जन्म तिकडचाच, तरी परदेशी म्हणून पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडून इंग्रजी शिकायचा, आणि गोडी सगळी नाण्यांच्या शब्दांची. फार्दिंगचीही किंमत नाही, म्हणजे आपली फुटकी कवडी, मी सांगायचो. पेनी वाचवायची नि पौंड घालवायचा, म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तो हसून म्हणायचा, "आमच्या आजोबाचा पैसा भोकवाला. लोभी माणूस असेल ना, त्याला बोलतात, हा पैशाच्या भोकात घुसला."

मग त्याची आई आजारी पडली. तो कलकत्त्याला गेला, दोन महिने उशिरा परतला, तोवर नाव कटलेलं. परत घ्या, असा अर्ज मीच इंग्रजीत लिहून दिला. शनिवारी तो अर्ज गोऱ्या साहेबाच्या अक्षरातली एक ओळ घेऊन परत आला. 'बॅड पेनी पुन्हा उगवली, सोमवारी टाइमकीपरकडे.'

"भाऊ, कागद काय बोलतो?"

"खोटं नाणं चालवल्याचा आळ घेतलाय तुझ्यावर."

"मी? कधी?"

"तेच तर! सोमवारी बोलावून पोलिसांच्या हवाली करणार. घाबरू नकोस मिस्त्री, आम्ही गेट बंद पाडू."

त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. "तुम्ही गेट बंद करणार, भाऊ. ते मला देश बंद करतील."

रविवारी हत्यारांची पेटी उचलून तो पिंपरी सोडून गेला.

सोमवारी मी गेटवर पत्रकं घेऊन उभा. 'गरीब कामगारावर खोट्या नाण्याचा आळ!' खेडकडचा टाइमकीपर ते वाचून बाहेर आला.

"ओ पुढारी, चिनी मिस्त्री कुठं हाय? साहेबानं कामावर घ्याया सांगितलंय."

"कामावर? खोटं नाणं म्हणालाय तो त्याला!"

"आवं, थट्टा हाय ती. खोटी पेनी कुठंबी खपवा, फिरून आपल्याच हातात येती. तसा ह्यो गडी फिरून आला. साहेब हसत हुता लिवताना. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक नव्हतं.

माणसाच्या पोटाच्या कागदावर थट्टा लिहिणाऱ्या त्या साहेबाचा मला आजही संताप येतो. पण कागद वाचून दाखवला मी. टाइमकीपरची खिडकी वीस पावलांवर होती आणि मला विचारायची लाज वाटली.

त्या भल्या टाइमकीपरनं चार दिवस जागा धरून ठेवली. मी कलकत्त्याला दोन तारा केल्या. दोन्ही अपुऱ्या पत्त्यामुळे परत. शुक्रवारी वडगावकडचा एक सुतार कामावर लागला. त्याला संघटनेचा सभासद करून घ्यायचं काम माझ्याकडेच आलं.